लठ्ठपणा की स्थूलता?

सीबीएसईच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा प्रश्न आहे: ‘शाळेत “शुगर बोर्ड”, म्हणजे खाण्यापिण्यातल्या साखरेची माहिती देणारा फलक, लावायचा आहे. त्याच्या मराठी मजकुरात ओबेसिटीला लठ्ठपणा म्हणू की स्थूलता? लठ्ठपणा लिहिलं तर मुलं एकमेकांना चिडवतील अशी धास्ती वाटते.’

धास्ती रास्त आहे. तरी मी ‘लठ्ठपणा’च लिहीन. मात्र ‘लठ्ठ मुले’ असं फलकावर कुठेही येऊ देऊ नका. ‘लठ्ठपणा असलेली मुले’ लिहा, जसं आपण ‘दमा असलेली मुले’ म्हणतो. चिडवायला विशेषण लागतं. जाड्या, ढब्बू, ढोल्या ही सगळी हाक मारायची नावं आहेत. ‘ए लठ्ठपणा’ अशी हाक कुणी मारत नाही.

‘पणा’ लागला की दोष माणसाच्या स्वभावावर जातो, हट्टीपणा किंवा वेंधळेपणासारखा, असा एक आक्षेप असतो. मलाही तो बरेच दिवस पटत होता. पण मग बहिरेपणाचं काय? तो स्वभाव नाही, आणि ताजेपणा तर भाजीचाही असतो. तेव्हा प्रत्ययाला दोष देण्यात अर्थ नाही.

‘स्थूल’ हा वैद्यकातला जुना शब्द. चरकसंहितेत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचीही चर्चा आहे. पण आजच्या मराठीत स्थूल शब्द दुसऱ्याच कामाला लागलाय. आपण ‘स्थूलमानाने’ अंदाज सांगतो, आणि तुमच्या विद्यार्थ्यांना तो भेटतो मराठीच्या पुस्तकातल्या ‘स्थूलवाचना’त. डॉक्टरांच्या लेखात स्थूलता शोभते. शाळा सुटल्यावर मुलाला न्यायला आलेल्या आजीला मात्र लठ्ठपणा एका नजरेत कळेल.

याहून मोठा घोळ मला दुसरीकडे दिसतो. ओव्हरवेट आणि ओबीस या दोन पायऱ्या आहेत आणि मराठीत दोन्हींना सर्रास लठ्ठ म्हटलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष निघाले, ते ‘अतिवजन किंवा लठ्ठपणा’ असे मिळून. त्यांना सरसकट लठ्ठ म्हणणं चूक आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ७० किलो असेल तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २७ च्या वर जातो. जागतिक मोजमापात ते अतिवजन, कारण तिथे लठ्ठपणा ३० पासून धरतात. भारतीयांसाठी डॉक्टर वापरतात त्या निकषांत लठ्ठपणा २५ पासूनच सुरू होतो. म्हणजे बाई तीच, वजन तेच, आणि नाव दोन. म्हणून पहिल्या पायरीला ‘अतिवजन’ आणि दुसरीला ‘लठ्ठपणा’ हे शब्द पक्के वेगळे ठेवा, आणि निकष कोणता तेही लिहा. वाढत्या वयाच्या मुलांचा हिशेब वय आणि मुलगा-मुलगी पाहून करतात, त्यामुळे मोठ्यांचा तक्ता शाळेत लावू नका.

आता ‘बोर्ड’. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना हे फलक लावायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी कार्यालयांनाही तेल आणि साखरेचे फलक लावा असं सुचवलं. जुलैत ‘समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा’ अशा बातम्या झळकल्या. विक्रेत्यांच्या पदार्थांवर असा कोणताही इशारा छापायचा नाही, हा खुलासा सरकारला करावा लागला. इशारा आणि फलक यांत फरक आहे. इशारा अडवतो, फलक माहिती देतो. म्हणून ‘साखरेचा माहितीफलक’ लिहा. ‘साखर मंडळ’ तर नकोच, आपल्याकडे त्यातून कारखाने आणि ऊसदर डोळ्यांपुढे येतील.

एक शब्द तुम्ही विचारलेला नाही, तरी सुचवतो: कुपोषण. मेळघाटच्या बातम्यांमुळे आपल्याला त्यात फक्त उपासमार ऐकू येते. पण ‘कु’ म्हणजे वाईट, कमी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनाही अतिवजन कुपोषणातच धरते. ज्या मुलाला आपण कौतुकाने गुटगुटीत, खात्यापित्या घरचा म्हणतो, त्याच्याबद्दल बोलायला हा शब्द मराठीत आधीपासून आहे. पालकसभेत तो जरूर वापरून पाहा.

आणि साखर नुसती ग्रॅममध्ये लिहू नका. ३०० मिलिलिटर कोलात साधारण ३२ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे आठ चमचे. चमचे सपाट धरलेत, शीग लावून नव्हे, हेही कंसात लिहा. घरी आपण शीग लावूनच घालतो.