सजवलेली आद्याक्षरं बघायला सुरुवात करताय ना, मग हे आधी वाचा

हे बघा, मध्ययुगीन युरोपातल्या हस्तलिखितांत मजकुराचं पहिलं अक्षर मोठं करून रंगांनी, चित्रांनी सजवायचे, तेच हे आद्याक्षर. सुरुवातीला सगळ्यांचं होतं तसं तुमचंही होईल, सोनं आणि निळा रंग बघून डोळे दिपतात आणि अक्षर कुठल्या मजकुराचं आहे ते बघायचंच राहून जातं. माझं ऐका, आधी मजकूर शोधा. स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात, पहिल्या स्तोत्राच्या लॅटिन मजकुराच्या 'बी' मध्ये बहुतेकदा वीणा वाजवणारा दावीद राजा असतो, आणि लॅटिन बायबलच्या क्रमांकाप्रमाणे 52व्या स्तोत्राच्या 'डी' मध्ये मूर्ख, कारण स्तोत्रच "मूर्ख मनात म्हणतो, देव नाही" असं सुरू होतं. तेराव्या शतकात तो हातात सोटा घेतलेला, अर्धवट उघडा वेडा दिसतो, पुढे पुढे तोच घुंगरांची टोपी घातलेला दरबारी विदूषक होतो, म्हणजे समाज वेडेपणाकडे कसं बघत होता ते एका अक्षरात कळतं!

मग आकार आणि रंग. मोठं अक्षर म्हणजे महत्त्वाचा भाग, आणि अस्सल निळा म्हणजे अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा लाजवर्द हा निळा दगड कुटून केलेला रंग, भरपूर महाग, त्यामुळे पुस्तक बनवून घेणाऱ्याची ऐपत तिथेच दिसते.

आणि फ्रान्समधल्या सीतो मठाची 1111 ची हस्तलिखितं नक्की बघा, मला फार प्रिय आहेत. झाडाचं खोड हेच 'आय' अक्षर आणि बुंध्यावर कुऱ्हाड चालवणारा साधू, अंगमेहनत हीच साधना मानणाऱ्यांचं चित्र आहे ते. पुढे त्याच मठातून निघालेल्या सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाने नियम केला की अक्षरं एकाच रंगाची हवीत, चित्रं नकोत. म्हणून साधं अक्षर दिसलं की गरिबी समजू नका, मुद्दाम पाळलेलं व्रतही असू शकतं.