एमसीबी पडतोय तर पडू दे

वायरमनच्या कामाला नवीन लागला आहेस, तर आधी हे ऐक. गिरगाव-लालबागच्या चाळीत गिऱ्हाईक हमखास म्हणेल, "एसी लावल्यापासून एमसीबी सारखा पडतो, मोठा टाका." टाकायचा नाही. एमसीबी म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच. आत १.५ चौरस मिमीची वायर असताना ३२ अँपिअरचा एमसीबी बसवलास, तर एमसीबी गप्प राहील आणि वायर भिंतीत तापत राहील. एसीला बोर्डापासून ४ चौरस मिमीची वेगळी लाइन ओढ, २० अँपिअरचा एमसीबी दे. गिऱ्हाईक पैशांवरून कुरकुरेल. कुरकुरू दे.

पण वायर बरोबर असूनही सैल जोड जाळतो. सॉकेट पिवळा पडलाय, प्लग काढताना गरम लागतो, जळका वास येतो, मग मेन बंद करून स्क्रू उघडायचेच. नुसती टेप गुंडाळून निघू नकोस. पावसाळ्याआधी ओल आलेल्या भिंतीवरचे बोर्ड बघ. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर सुचव.

ऑफिसात एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडलेलं दिसलं की काढायला लाव. सोसायटीच्या मीटर रूममध्ये रद्दी नि मोडक्या खुर्च्या असतातच (जागाच कुठे आहे मुंबईत!), तरी सेक्रेटरीच्या कानावर घाल. आग लागलीच तर पाणी मारायचं नाही. जमलं तर मेन पाडून बाहेर पड आणि १०१ला फोन कर.