केस नंबर टाक, मग मत दे

प्रिय,

तुझा मसुदा वाचला. ‘कायद्यावर उत्तम पकड’, ‘स्वभाव तापट असल्याची चर्चा’. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी चर्चेत असलेल्या नावावर वकिलांच्या असोसिएशनच्या कमिटीने टिपण मागितलं ते एवढ्यासाठी? दोन्ही वाक्यं काढ. ज्या वाक्यामागे केस नंबर आणि तारीख नाही, ते टिपणात राहणार नाही.

तुझा गोंधळ मात्र समजतो. आपल्याकडे वकील संघटनेच्या मताला ठरलेली जागाच नाही. नाव सुचवतात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठतम न्यायमूर्ती. मग राज्य सरकारचं मत, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल, कायदा मंत्रालय आणि सर्वोच्च न्यायालयाचं कॉलेजियम, म्हणजे तिथल्या ज्येष्ठ न्यायमूर्तींचं निवड मंडळ. दक्षिण आफ्रिकेत न्यायाधीश निवडणारा आयोग उमेदवारांची नावं जाहीर करतो, वकील संघटनांचे लेखी अभिप्राय मागवतो आणि मुलाखत उघडपणे घेतो. आपल्याला नाव कळतं बार रूममधल्या कुजबुजीतून. त्यामुळे आपलं पत्रही कुजबुज वाटलं, तर ते फाइलला लागणारच नाही.

सुरुवात सनद क्रमांकापासून, म्हणजे उमेदवाराच्या वकील म्हणून झालेल्या नोंदणीच्या क्रमांकापासून कर. एकाच नावाचे दोन वकील असले की एकाचे निकाल दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. मग गेल्या पाच वर्षांचे निकाल काढून पहिल्या पानावरची हजेरी, म्हणजे कोणाकडून कोण वकील उभा होता ते, वाच. सीनियरच्या नावापुढे ‘अलाँग विथ’ म्हणून नाव असेल, तर तो युक्तिवाद उमेदवाराचा धरू नकोस. ‘आय बाय बी’ (i/b, म्हणजे ‘इन्स्ट्रक्टेड बाय’) नंतर असेल तर ब्रीफ त्याचं, बोलणारा दुसराच. सरकारी वकील असेल तर आणखी सावध राहा: एका सामाईक निकालात पन्नास याचिका निघाल्या, तर यादीत पन्नास दिसतात. मोजायचा एकच.

यातून स्वतः लढवलेले, खऱ्या वादाचे दहा निकाल निवड आणि अथपासून इतिपर्यंत वाच. त्यात हरलेले तीन तरी हवेत. विरोधात जाणारा निवाडा त्याने आपणहून कोर्टापुढे ठेवला, की समोरच्याने काढून दाखवला? पुष्कळदा निकालातच ते दिसतं, आणि न्यायाधीश म्हणून हा माणूस कसा वागेल याचा एवढा चांगला पुरावा दुसरा नाही. जिल्हा कोर्टात साक्षीपुरावे चालवणाऱ्याच्या नावावर छापील निकाल नसतात. म्हणून त्याला कमी लेखू नकोस, त्याने घेतलेल्या उलटतपासण्या वाच.

आता ‘तापट’. समोर उभ्या राहिलेल्या वकिलांना विचार, जिंकलेल्यांना आणि हरलेल्यांनाही. त्याच्या जुन्या ज्युनियर्सना विचार. प्रत्येकाला पुढचा प्रश्न एकच: कुठल्या केसमध्ये, कधी? उत्तर आलं नाही तर वही मिट. स्तुतीलाही हीच अट. ‘सज्जन माणूस’ म्हणणाऱ्यालाही केस नंबर माग.

पात्रता आणि योग्यता वेगवेगळ्या पानांवर लिही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 217 मधली वकिलीची दहा वर्षं भरतात का, हा पात्रतेचा प्रश्न. 1992 साली गुवाहाटी हायकोर्टाची एक नियुक्ती राष्ट्रपतींची सही झाल्यावरही सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, ती पात्रतेवरच. योग्यतेत कोर्ट पडत नाही. 2023 मध्ये मद्रास हायकोर्टाच्या एका नियुक्तीला आव्हान देणाऱ्यांना हेच ऐकावं लागलं, आणि शपथविधी त्याच दिवशी उरकला. म्हणजे योग्यतेबद्दल बोलायचं ते आधी, लेखी आणि मुख्य न्यायमूर्तींकडे. ठराव करून वर्तमानपत्रात देण्याचा मोह आवर. मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींविरुद्धच्या ठरावांवरून 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बारला, म्हणजे वकील संघटनांना, सुनावलं होतं. ते प्रकरण पदावरच्या न्यायमूर्तींचं होतं हे खरं, पण त्यातून घ्यायचा धडा आपल्यालाही लागू आहे.

सीनियर्स म्हणतील, ‘लिहायचं कशाला, तोंडी सांगू.’ या एका वाक्यापायी बारने आपलं वजन घालवलं, असं माझं ठाम मत आहे. तोंडी मत उद्या नाकारता येतं, म्हणूनच ते त्यांना आवडतं. माझ्या या हट्टाला किचकटपणा म्हणतात. म्हणोत. नंबराशिवाय केलेला आरोप खरा असला, तरी ज्याच्यावर केला त्याला उत्तर देता येत नाही. हे आपण रोज कोर्टात सांगतो आणि कॉरिडॉरमध्ये आलो की विसरतो!

आणखी एक. उमेदवार तुझ्या एखाद्या चालू प्रकरणात समोर आहे का? असेल तर पहिल्या ओळीत तसं लिही आणि ते प्रकरण दुसऱ्याला वाचायला दे. निकालांची यादी जोडपत्रात, भेटलेल्यांची नावं बंद पाकिटात, खाली तुझी सही. नवा मसुदा चार पानांच्या आत बसव, त्याहून लांब कुणी वाचत नाही.