प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये कॅन्सर मागे राहिला का, हे टेबलावरच कळतं का?

वडिलांचं रोबोटिक ऑपरेशन मुंबईत ठरलंय आणि गाठ पूर्ण निघाली का हे तिथल्या तिथे दाखवणारा कॅमेरा असतो का, असं तुम्ही विचारलंय. रोबोटचा कॅमेरा सगळं मोठं करून दाखवतो, पण पेशी दाखवत नाही. हिरवं चमकणारं आयसीजी हे शिरेतून द्यायचं रंगद्रव्य रक्तवाहिन्या दाखवतं. कॅन्सर ते ओळखत नाही.

खरी तपासणी होते ती बाहेर काढलेल्या प्रोस्टेटची, आणि त्यात माझा भरवसा अजूनही फ्रोझन सेक्शनवर, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेल्या तपासणीवर. त्याच्या न्यूरोसेफ पद्धतीत, इरेक्शनच्या नसांची जुडी जिथे चिकटलेली असते तो मागच्या बाजूचा पट्टा शेंड्यापासून मूत्राशयाकडच्या टोकापर्यंत काढतात. कडेला शाई लावतात, उणे 20 अंशांच्या आसपास गोठवून पातळ चकत्या करतात. शाईला कॅन्सरची पेशी टेकली तर मार्जिन (कापलेली कड) पॉझिटिव्ह, मग त्या बाजूची वाचवलेली जुडीही काढायची. पेशी अर्ध्या मिलिमीटरवर थांबली असेल तर निगेटिव्ह. याला साधारण पाऊण तास जातो. तेवढ्यात सर्जन लिम्फ नोड काढतात, म्हणजे तो वेळ सगळाच वाया जात नाही.

चुका होतात त्या इथे. काढताना आवरण फाटलं की शाई आत झिरपते आणि मार्जिन खोटंच पॉझिटिव्ह दिसतं. कॉटरीने (विजेच्या चटक्याने) करपलेली कड वाचता येत नाही. शिवाय पट्टा दोन्ही टोकांपर्यंत गेला तरी शेंड्याशी मूत्रनलिका कापलेली कड आणि मूत्राशयाच्या तोंडाची कड त्यात येतच नाही.

कॉन्फोकल मायक्रोस्कोपीत गोठवणं-कापणं नाही: प्रोस्टेट रंगात बुडवून काचेवर ठेवायचं, काही मिनिटांत स्क्रीनवर चित्र. पण दिसतो तो अगदी वरचा थर, आणि गोल अवयव काचेवर सपाट बसत नाही. बुडबुडा किंवा रक्त आलं की तेवढा भाग आंधळा.

पीएसएमए या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या औषधाला किरणोत्सारी गॅलियम-68 जोडून ते ऑपरेशनआधी शिरेतून द्यायचं आणि मग काढलेल्या अवयवाचा अंधाऱ्या पेटीत फोटो घ्यायचा, अशी पद्धतही आहे. गॅलियम दर 68 मिनिटांनी निम्मं होतं. आधीची केस लांबली आणि ओटी दोन तास उशिरा मिळाली, तर जेमतेम तीस टक्के उरतं. त्यात लघवीतूनही ते बाहेर पडत असल्याने सांडलेला थेंबसुद्धा चमकतो. अजून ही संशोधनातलीच गोष्ट समजा.

मशीनचं नाव विचारण्यापेक्षा सर्जनना दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी फ्रोझन वाचायला पॅथॉलॉजिस्ट हजर असणार का, आणि पॉझिटिव्ह आलं तर नेमकं काय काढणार? एमआरआयमध्ये गाठ आवरणाबाहेर गेलेली असेल आणि त्या बाजूच्या नसा वाचवायच्याच नसतील, तर तिथे फ्रोझनचा खर्च कशाला? बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले तुकडे) आणि स्लाइड मात्र सोबत न्या, परळला टाटात दुसरं मत घ्यायचं झालं तरी तेच लागतात.