सगळीकडे 'मायसेल्फ' लिहिणाऱ्या बाई

मराठी माध्यमातून शिकलेली, पुढे चांगल्या हुद्द्यावर पोचलेली माणसं माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा इंग्रजीबद्दलची एक तक्रार बहुतेक वेळा आवाज खाली आणून सांगतात. "'आय' (I) कुठे आणि 'मी' (me) कुठे, हे मला अजून कळत नाही." शाळेत शिकवलेली गोष्ट चाळिशीत विचारायची म्हणजे कमीपणा, असं त्यांना वाटत असतं. अशाच एका बाईंची ही हकिगत. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागल्या. काम चोख, म्हणून बढती मिळाली आणि बढतीबरोबर मुख्य कार्यालयाशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करणंही वाट्याला आलं. एका मेलमध्ये त्यांनी लिहिलं, 'प्लीज सेंड द फाइल टू सर अँड आय.' नव्याने लागलेल्या एका मुलाने तो मेल सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "मॅडम, 'टू आय' असं कुठे असतं का?" लोक हसले. तेव्हापासून बाईंनी एक पळवाट काढली. जिथे शंका येईल तिथे 'मायसेल्फ'. 'प्लीज कॉल मायसेल्फ.' 'सर अँड मायसेल्फ विल अटेंड.' तरीही धीर होत नसे. मग कॉलेजात असलेल्या मुलीला फोन करायचा आणि ती तास सोडून बाहेर येऊन आईचा मेल तपासून द्यायची.

माझ्याकडे त्या इंग्रजीसाठी आल्याच नव्हत्या. त्यांना बढती नाकारून जुन्या टेबलावर परत जायचं होतं आणि घरी हे कसं सांगावं, एवढंच विचारायचं होतं.

मी त्यांना जुने मेल छापून आणायला सांगितले. ते वाचताना जे दिसलं त्यावरच पुढचं सगळं काम उभं राहिलं. स्वतःबद्दल एकटीने लिहिताना बाई एकदाही चुकल्या नव्हत्या. 'आय सेंट द लिस्ट', 'ही टोल्ड मी', 'प्लीज इन्फॉर्म मी' हे सगळं बिनचूक. चूक व्हायची ती शेजारी दुसरं माणूस आलं की. 'टू सर अँड आय', 'फॉर मॅनेजर अँड आय'. म्हणजे नियम त्यांना येत होता. तो येत होता यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि जोडीला कोणी आलं की शाळेतली एक जुनी सूचना मध्ये पडत होती.

ती सूचना अनेकांच्या वहीत लाल शाईने लिहिली गेली आहे. मूल लिहितं, 'मी अँड माय सिस्टर वेंट टू मार्केट.' शिक्षिका खोडतात आणि वर लिहितात, 'माय सिस्टर अँड आय.' यात दोन दुरुस्त्या एकदम झालेल्या असतात. दुसऱ्याचं नाव आधी घ्यावं ही एक, ती शिष्टाचाराची. इथे जाणारी व्यक्ती कर्ता आहे म्हणून 'आय' ही दुसरी, ती व्याकरणाची. त्या वेगळ्या करून कोणी सांगत नाही. मुलाच्या डोक्यात तिसरंच काही बसतं, की 'अँड'च्या पुढे 'मी' आला की ते अडाणीपणाचं. मग ते जन्मभर 'अँड आय' लिहीत राहतं, कर्ता असो वा कर्म.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. इंग्लंड-अमेरिकेतली मुलंही हाच ओरडा खात मोठी होतात आणि तिथली शिकली-सवरलेली माणसं सर्रास 'बिटवीन यू अँड आय' म्हणतात. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओच्या पत्रातही हेच शब्द आहेत. हे ऐकल्यावर बाई पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसल्या. "म्हणजे त्यांचंही चुकतं?" त्यांनी विचारलं.

आपल्याकडे मात्र यात आणखी एक गुंता आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपला 'मी' कर्ता, त्यांचा 'मी' कर्म, आणि कानाला दोन्ही सारखेच. त्यातून आपल्याला 'मला'ची सवय. मला भूक लागली, मला वाटतं, मला तो आवडतो, मला पत्र मिळालं. ही सगळी वाक्यं इंग्रजीत 'आय'ने सुरू होतात. म्हणून मराठीत 'मला' दिसला की इंग्रजीत 'मी' हा हिशेब जमत नाही. तिथे क्रियापद पकडायचं आणि त्याच्या आधी कोण उभं आहे ते पाहायचं. इंग्रजी नामांचे विभक्तीचे जुने प्रत्यय बहुतेक गळून गेले. मुलगा मारो की मार खावो, तो 'द बॉय'च. जुन्या विभक्तीची खूण राहिली ती या मूठभर सर्वनामांत: आय-मी, ही-हिम, शी-हर, वुई-अस, दे-देम. 'यू'मध्ये तर तीही उरली नाही. एके काळी 'यू' हे फक्त कर्माचं रूप होतं, कर्त्यासाठी वेगळा शब्द होता. तो मागे पडला आणि आज 'यू' दोन्हीकडे चालतो.

उपाय एका ओळीचा आहे: जोडीदाराला क्षणभर बाजूला करा आणि वाक्य वाचा. 'सेंड द फाइल टू सर अँड...' यातून सर काढले की 'सेंड द फाइल टू मी' आपोआप तोंडात येतं. मग 'टू सर अँड मी'. 'सर अँड आय विल अटेंड' मधून सर काढले तर 'आय विल अटेंड' राहतं, ते बरोबर. 'बिटवीन'ला दोघं लागतातच, तिथे एकाला काढता येत नाही. तिथे दोघांच्या जागी 'वुई' किंवा 'अस' ठेवून पाहावं. 'बिटवीन वुई' कोणी म्हणणार नाही, 'बिटवीन अस' म्हणेल, म्हणून 'बिटवीन यू अँड मी'. आणि 'मायसेल्फ' आणायचा तो करणारी आणि भोगणारी व्यक्ती एकच असेल तेव्हा, 'आय कट मायसेल्फ'. नाहीतर स्वतःवर जोर द्यायचा असेल तेव्हा, 'आय चेक्ड इट मायसेल्फ'.

नवे स्वाध्याय मी दिले नाहीत. स्वतःच्याच छापील मेलांवर पेन्सिल घेऊन त्यांनी जोडीदार खोडले आणि पुन्हा वाचले. सराव नेहमी स्वतःच्या कागदावर करावा असं माझं मत आहे, कारण भीती त्या कागदाला चिकटलेली असते.

तरी बाईंना सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते त्या हसण्याबद्दल. "मी कुठल्या शाळेतली आहे ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं," असं त्या म्हणाल्या आणि त्यांना पुढे बोलवेना. शाळा जिल्हा परिषदेची, इंग्रजी पाचवीपासून. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्यांना हसणारा मुलगा त्यानंतर शाळेत गेलेला. दोघांमध्ये चार इयत्तांचं अंतर होतं आणि ते सरकारी निर्णयाने पडलेलं होतं, बुद्धीने नाही. हे त्यांच्यासमोर मांडणं मला व्याकरणापेक्षा गरजेचं वाटलं. आणखी एक मी विचारलं, की तो मेल वाचून फाइल आली का? आली, त्याच दिवशी. अर्थ पोचला होता. ज्याचा अर्थ पोचला आहे ते वाक्य चारचौघांत वाचून दाखवणं हा भाषेचा आग्रह नव्हे, माणसाचा पाणउतारा आहे. असं मला मनापासून वाटतं आणि मी ते त्यांना सांगितलं.

मुलीला फोन करणं एकदम बंद करायला मी सांगितलं नाही. आधी शाखेतल्या शाखेत जाणारे मेल न विचारता पाठवायचे ठरलं, मुख्य कार्यालयाचे नंतर. वरिष्ठांना त्यांनी स्वतःहून सांगितलं, की चूक दिसली तर मला बाजूला बोलावून सांगा. ते लगेच हो म्हणाले. बढती सोडायचा विषय पुढे निघाला नाही.

शेवटच्या भेटीला त्या प्रश्नांची यादी घेऊन आल्या. फोनवर 'इट्स मी' म्हणू की 'इट इज आय'? 'इट्स मी' म्हणा; दुसरं जुन्या व्याकरणाला धरून आहे, पण आजच्या बोलण्यात ताठर वाटतं. 'टॉलर दॅन मी' चालतं का? बोलताना चालतं. खात्याच्या परीक्षेत 'दॅन आय ॲम' असं क्रियापदासकट लिहावं, मग कोणाला खोट काढता येत नाही. मात्र काही वाक्यांत 'दॅन' नंतरच्या सर्वनामाने अर्थच फिरतो. 'सर ट्रस्ट हर मोअर दॅन मी' आणि 'सर ट्रस्ट हर मोअर दॅन आय'. इथे 'ट्रस्ट'ला 'एस' लावायला हवा, हे बाईंनीच मला थांबवून सांगितलं. मी तो मुद्दाम गाळला होता. मग दोन्ही वाक्यं त्यांनी 'एस' लावून, पुरी करून लिहिली: एकीकडे 'दॅन ही ट्रस्ट्स मी', दुसरीकडे 'दॅन आय ट्रस्ट हर'.