सुगरण विणतेय की विणतोय?

आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या गटात प्रश्न असा आलाय. तळ्याकाठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्याचा पिवळ्या डोक्याचा नर घरटं विणत होता, एकाने "सुगरण विणतेय" लिहून फोटो टाकला, दुसरा लगेच म्हणाला अरे नर आहे तो, "विणतोय" लिही, आणि तिसऱ्याने त्यावर कडी करून दिसलेल्या पक्ष्यांच्या यादीत, चेकलिस्टमध्ये, "सुगरणा" असा नवाच पक्षी घातला. तर बरोबर काय?

विणतेय. झालं. घार नर असली तरी घारच घिरट्या घालते, टिटवी नर असली तरी टिटवीच ओरडते. लिंग नावाला चिकटलेलं असतं, पक्ष्याला नाही. अगदीच राहवत नसेल तर "सुगरणीचा नर विणतोय" म्हणा. पण ते "सुगरणा" कृपया बंद करा, अख्खा पावसाळा ऐकतोय मी हे. आणि "सुग्रण" लिहिणाऱ्यांचा हिशोब वेगळा होईल.

खरी गंमत पुढे आहे. सगळ्यांना वाटतं सुगरण म्हणजे उत्तम स्वयंपाक करणारी बाई आणि तिच्यावरून पक्ष्याला नाव पडलं. मग कोणीतरी हमखास म्हणतं, बघा, घर बांधतो नर आणि श्रेय बाईला! अहो पण या शब्दात स्वयंपाक आहेच कुठे? सुगरण म्हणजे सुगृहिणी. गृहचं घर झालं, सुघरिणी करत करत घचा ग झाला. शब्दात आहे ते फक्त घर, भाजी-आमटी मागाहून आली. आमच्यातले एक ज्येष्ठ "सु + करण, चांगलं करणारी ती सुगरण" असं दर रविवारी दुर्बीण पुसता पुसता सांगतात. काका, करणचा गरण कसा झाला ते एकदा सांगाच, चहा माझ्याकडून.

माझं तर म्हणणं आहे की पक्ष्याचं नाव बाईवरून आलेलंच नाही, दोघींना ते वेगवेगळं मिळालंय. गुजरातीत या पक्ष्याला सुघरी म्हणतात, चांगल्या घराची, बस्स, स्वयंपाकघराचा संबंधच नाही. आणि संस्कृतात तर सुगृही हा शब्द पक्ष्यालाच लावलेला आहे. पंचतंत्रातली ती माकडाची गोष्ट आठवा. पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला पक्षीण सांगायला जाते, बाबा रे, घर का नाही बांधत, आणि ते चिडून तिचंच घरटं मोडून टाकतं. तिथे श्लोक येतो, "पश्य वानरमूर्खेण सुगृही निर्गृहीकृता". चांगल्या घराची होती, बेघर केली!

आता संस्कृत-इंग्रजी कोशवाले मोनियर विल्यम्ससाहेब सुगृह म्हणजे शिंपी (पानं शिवणारा तो पक्षी) असा अर्थ देतात. साहेब, कोश मोठा तुमचा, पण झाडाखाली कधी उभे राहिलात का? गोष्टीतलं जोडपं शमीच्या लोंबत्या फांदीवर राहतं आणि त्यांना रानचिमण्या म्हटलंय. शिंपी झुडपात पानं शिवून त्यात लपतो, आणि त्याला चिमणी कोण म्हणेल, शेपूट वर करून फिरणारी ती काडी! उलट सुगरणीची मादी नवख्यांना हटकून चिमणी वाटते. मला तरी शंका नाही. (गोष्ट हेमंतातली आहे आणि सुगरण विणते पावसाळ्यात, हे मला माहीत आहे, कोणी सांगू नका.)

बाकी नर बांधतो हे खरंच. घरटं हेल्मेटच्या आकाराचं झालं की तो खाली लटकून पंख फडफडवत ओरडत सुटतो, मादी आत शिरून पाहणी करते, पसंत पडलं तरच पुढची नळी विणायची, आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं दुसरीसाठी सुरू करतो. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला हे सगळं बारकाईने बघून लिहून ठेवलंय. म्हणजे घर ताब्यात घेते ती, पास-नापास करते ती, तर सुगृही तिलाच म्हणणार ना?

हां, तुमच्या त्या फोटोबद्दल. नर झकास आलाय. पण खालच्या फांदीवर "मादी" म्हणून बाण दाखवलाय ना, ती चिमणी आहे. चोच बघा, सुगरणीची याहून चांगली जाड असते.