आसंदी, ‘आसंधी’ आणि खुर्ची

ठाण्याच्या नौपाड्यातील एका वाचकांचा प्रश्न असा आहे की, त्यांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेच्या सूचनेत ‘ज्येष्ठांसाठी आसंध्यांची सोय केली आहे’ असे, खुर्च्या या अर्थी, छापले होते. तेव्हा ‘खुर्ची’ हा शब्द परका म्हणून टाळावा काय, आणि तो ‘खूर’ या शब्दावरून आला हे खरे काय?

‘आसंधी’ असा शब्दच नाही. ठाण्यातल्या व्यासपीठांवरून तो इतक्या वेळा कानी पडतो की आता वैताग येतो. मूळ शब्द ‘आसंदी’ असून तो ‘सद्’ म्हणजे बसणे या धातूचा आहे. संधीचा तेथे काही संबंध नाही. एकाच साच्यातून निघालेल्या, कोठेही सांधा नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीला फार तर ‘असंधी’ म्हणता येईल.

आसंदी म्हणजे हल्लीची खुर्चीही नव्हे. अथर्ववेदाच्या १५व्या कांडात वर्षभर उभा राहिलेला व्रात्य (आजचा खोडकर नव्हे, तर वेदातला भटका व्रतस्थ) देवांकडे आसंदी मागतो, आणि मग तिची घडणच सांगितली आहे: वसंत व ग्रीष्म हे दोन पाय, वर्षा व शरद हे दोन, सामगानांचे उभे-आडवे दांडे, ऋचांचे उभे दोर, यजूंचे आडवे, वर वेदांचे अंथरूण आणि ब्रह्माची उशी. हे वाचून मला आमच्या घरातली सुंभाने विणलेली बाजच आठवते. शिवाय ज्या ‘चेअर’चा विटाळ नको म्हणून शुद्धिवादी आसंदीचा आग्रह धरतात, ती ‘चेअर’ ग्रीक ‘कथेद्रा’पासून आली आणि त्यातील ‘हेद्रा’ हा आसनवाचक भाग आपल्या ‘सद्’चाच सख्खा भाऊ आहे. पोर्तुगीज ‘कादेइरा’ त्याच घरातली, आणि तिच्यापासूनच कोकणीत ‘कदेल’ आले. ठाण्यावरही १७३७ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, तरी येथे खुर्चीच टिकली.

आता खुर्चीकडे वळतो. ‘ती खुरांवर उभी म्हणून खुर्ची’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या विद्वानांनी ‘ची’चा हिशेब कधी दिलेला नाही. हा शब्द फारसीतून आलेला अरबी ‘कुर्सी’. त्यामागे आरामी, त्यामागे अक्कदी ‘कुस्सू’ आणि त्याही मागे सुमेरी ‘गुझा’; या तिन्ही पश्चिम आशियातल्या प्राचीन भाषा. अक्कदीतल्या जोडसकारातील एका ‘स’चा आरामीत ‘र’ झाला, आणि तोच ‘र’ आज आपण उच्चारतो.

राहिला ‘च’. मराठीत पुढे ‘ई’ आली की ‘स’चा ‘श’ होतो: म्हैस-म्हशी, फारसी-फारशी. म्हणजे मधली पायरी ‘खुर्शी’ असली पाहिजे, आणि ती पाहायला फार लांब जावे लागत नाही, कारण आपल्याच गल्लीतला गुजराती फर्निचरवाला आजही ‘खुरशी’ म्हणतो. पुढे ‘र्श’चा ‘र्च’ झाला तो, माझ्या मते, ‘खर्च’, ‘मोर्चा’ यांच्या संगतीने. ‘क’चा ‘ख’ मात्र खुराच्या सावलीत झाला असावा, कारण बाजेच्या पायालाही आपण खूर म्हणतो. गुजरातीतही ‘ख’च आहे, तेव्हा तो प्रताप एकट्या मराठी खुराचा ठरत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे, तरी माझा हट्ट मी सोडत नाही.

सूचनेत ‘ज्येष्ठांसाठी खुर्च्यांची सोय केली आहे’ असेच छापावे.